पाटी प्रमाणात नव्हती

हिमायतनगर, हैदराबाद
६ जुलै २०२५

प्रिय अपर्णा,

तुझा फोन लागत नाही. माझ्या नंबरवरून लागत नाही. खालच्या भाग्यलक्ष्मीच्या फोनवरून लावला तर रिंग जाते. त्याचा अर्थ मला कळतो, एवढी अडाणी नाही मी. म्हणून पत्र. फाडायचं असेल तर वाचून मग फाड.

तुझे कपडे आणि ऑफिसचं सामान काल कुरिअरनं पाठवलं. लोणच्याची बरणी त्यानं घेतली नाही, फुटली तर जबाबदारी नाही म्हणाला. गॅलरीतल्या तुझ्या कुंड्यांना पाणी घालते आहे. त्या कशा पाठवू?

मंगळवारी कोर्टात तू उठलीस तेव्हा मला वाटलं पाणी प्यायला चाललीस. मी पिशवीतून तुझी बाटलीसुद्धा काढली. मग बराच वेळ झाला, तुझी खुर्ची रिकामी. बाहेर जाऊन बघितलं, पायऱ्यांवर नाहीस, झाडाखाली नाहीस. संध्याकाळी तुझ्या आईचा फोन आला की अपर्णा बसमध्ये आहे, पुण्याला येतेय, काही विचारू नका. मंदार गेल्यावर अडीच वर्षं तू ह्या घरात राहिलीस. तुझे आईवडील न्यायला आले तेव्हाही गेली नाहीस. माझी लेक असतीस तरी इतकी राहिली नसतीस. आणि गेलीस ती कपडे घ्यायलासुद्धा घरी न येता.

मी बाबांची वकिली करायला बसले नाहीये. पण तू मध्येच उठलीस, पुढचं तुला माहीत नाही, आणि मागचंही थोडं माहीत नाही. ते सांगते.

तुझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. बाबांची दाढ दुखत होती, आपल्याच गल्लीच्या तोंडाशी दातांचा दवाखाना आहे ना, तिथं गेले. तोंडात कापसाचा बोळा घेऊन बाहेर आले तर गाडी नाही. उचलून नेली. पाटी कुठे होती? विजेच्या खांबाला बांधलेला पांढरा पत्रा, त्यावर लाल रंगानं हातानं लिहिलेलं, आणि त्याच्यावर कडुनिंबाची फांदी. दुसरा असता तर चलान भरून मोकळा झाला असता. पण बाबांचा जन्म कारखान्यात ड्रॉइंग तपासण्यात गेला. कागदावर जे आहे ते जागेवर नसलं की त्यांना झोप येत नाही. त्यांनी रस्त्यांच्या पाट्यांचं सरकारी प्रमाण काय ते सगळं आणून वाचलं. पाटी गोल हवी, आतून निळी, लाल कड, लाल तिरका पट्टा, दिसेल अशी. मोटारीच्या कायद्यातच आहे म्हणे, पाटी परिशिष्टात दिलेल्या मापाची, रंगाची आणि नमुन्याची असली पाहिजे. हे सगळं घेऊन ते उभे राहिले आणि चलान रद्द झालं.

मग काय, अख्खं हिमायतनगर आमच्या दारात. डॉक्टर आले, बिर्याणीवाला आला, फुलवाली आली. बाबा जागेवर जाऊन पाटी बघणार, फोटो काढणार, कागद लिहून देणार. पाटी नीट असेल तर तोंडावर सांगायचे, तुमची चूक आहे, भरा. बऱ्याच जणांचं काम झालं. मंदारला ह्या सगळ्याचं फार कौतुक. त्यानंच स्वयंपाकघरात उभं करून त्यांचे व्हिडिओ काढले. ‘बाबांचा चलान दवाखाना’ हे नावही त्याचंच.

त्यातलाच एक त्या लॉरीवाल्यांच्या वकिलानं कोर्टात लावला.

तू बघितलासच. बाबांच्या हातात माझं जेवणाचं ताट, गोल म्हणजे कसं ते दाखवायला. म्हणतायत, “पाटी प्रमाणात नसेल तर ती पाटीच नाही. कायद्याच्या लेखी तिथं नुसता खांब आहे.” आणि मागून मंदारचा आवाज, “बाबा, ताट सरळ धरा, भात सांडेल!” आणि तो हसतोय. अपर्णा, ते हसणं मी अडीच वर्षांत ऐकलं नव्हतं. माझ्या फोनमध्ये आहे ते, पण मी कधी लावलं नव्हतं. टाइप करणारी मुलगीसुद्धा हात थांबवून वर बघायला लागली.

वकिलानं विचारलं, “उदयराव, हा आवाज तुमच्या मुलाचा?”

“हो.”

“तुमचं हे मत आजही आहे?”

तेव्हा तू उठलीस. बाबांनी तुझ्याकडे बघितलं होतं, तू पाहिलं नसशील. मग त्यांनी खालच्या कठड्याकडे बघितलं आणि म्हणाले, “हो. आजही आहे.”

“मग तुमच्या मुलाची गाडी जिच्यावर आदळली ती लॉरी जिथं उभी होती, तिथली ‘नो पार्किंग’ची पाटी प्रमाणात होती का?”

“नव्हती.”

एवढंच. वकील बसला. आपल्या सरकारी वकील बाईंनी कपाळाला हात लावला.

शपथ घेऊन त्यांनी खोटं बोलायला हवं होतं असं तुला वाटत असेल. मला काय वाटतं ते मला अजून नीट कळलेलं नाही. पण ते वाईट मनाचे नाहीत. हे तुलाही ठाऊक आहे. जेवत जा वेळेवर.

तुझी,
आई


हिमायतनगर, हैदराबाद
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय अपर्णा,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते असं म्हणणार नाही. पोस्टमन आपल्याकडे येतच कुठे हल्ली, तरी खाली स्कूटर थांबली की गॅलरीत जाते.

भाग्यलक्ष्मीची गाडी परवा उचलली. बिचारी ब्लाउजांचं पार्सल द्यायला नारायणगुड्याला गेली होती. चलान घेऊन वर आली. “सार, एक कागद लिहून द्या ना. पाटी दिसतच नव्हती, देवाशपथ.” बाबा खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “भरून टाक, अम्मा.” तिला वाटलं ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. “भरून टाक,” एवढं बोलून ते आत गेले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला मी काय सांगणार? चहा दिला.

ते रोज सकाळी अफझलगंजला जातात. मला आधी सांगत नव्हते, फिरायला जातो म्हणायचे. मग एकदा बुटांना गुळाचा चिकटा आणि चिंचेची टरफलं लागलेली दिसली. हिमायतनगरच्या बागेत गूळ कुठून येणार? विचारलं तर म्हणाले, तिथं नवी पाटी लागली आहे.

म्हणून मागच्या सोमवारी मीही गेले त्यांच्याबरोबर. मंदार जिथं गेला ती जागा मी कधी बघितलीच नव्हती. तू बघितली आहेस. बसमधून उतरून वाट बघत बसलीस आणि मग कुणीतरी तुला तिथं नेलं. मी तेव्हा घरी दूध तापवत होते.

रिक्षावाला म्हणाला, “अम्मा, उधर सुबह सुबह लॉरीयाँ रहते, अंदर नक्को बोलो, इधरीच उतरो.” आम्ही चालत गेलो. वळण आहे, मग गोदामांची ओळ. बाबांनी दोन वर्षं अर्ज करून करून ती पाटी बदलायला लावली होती. आता अगदी जशी हवी तशी आहे. गोल, निळी, लाल कडेची, नव्या खांबावर, लांबून दिसते. आणि तिच्या खाली लॉऱ्या उभ्या, एकामागे एक. हमाल पोती उतरवत होते. एकानं जेवणाचा डबा त्या खांबालाच अडकवला होता. कोपऱ्यावर पोलीस उभा होता, त्याला त्यात काही नवीन नव्हतं.

बाबा मान वर करून पाटीकडे बघत होते. म्हणाले, “बरोबर आहे.”

अपर्णा, मला इतका राग आला! लग्नाला चाळीस वर्षं होत आली, मी त्यांच्यावर रस्त्यात कधी ओरडले नव्हते. तिथं ओरडले. “काय बरोबर आहे? काय बरोबर आहे इथं?” हमाल थांबून बघायला लागले. बाबा माझा हात धरून मला बाजूला घेऊन गेले.

परत येताना रिक्षात मी विचारलं, “ती जुनी पाटी तुम्ही पहिल्यांदा कधी बघितलीत?”

“दुसऱ्याच दिवशी.”

“तेव्हाच कळलं होतं तुम्हाला, की ती चालणार नाही?”

“लांबूनच कळलं. पत्रा होता, रंगवलेला.”

“मग पोलिसांच्या जबाबात का घातलीत ती?”

कोटीचा सिग्नल गेला. मग म्हणाले, “मला काहीतरी हवं होतं, शैला. ती लॉरी तिथं असायला नको होती असं लिहिलेलं काहीतरी हवं होतं. तिथं तेवढंच होतं.”

“आणि कुणी विचारलं तर?”

“वाटलं, कुणी विचारणार नाही.”

हे तुला लिहावं की नाही, आठवडाभर विचार केला. सगळ्या गावाला जे शिकवलं ते त्यांनी स्वतःच्या मुलाच्या वेळी गिळलं, कुणी विचारणार नाही म्हणून. आणि विचारल्यावर लपवता आलं नाही. पाटी चालणार नाही हे आधीच सांगितलं असतं तर सरकारी वकील बाईंनी दुसरा कुठला आधार शोधला असता. त्या मला तसं म्हणाल्याही. अख्खी केस त्या पाटीवर उभी होती.

मागच्या पत्रात मी त्यांची बाजू घेतली असं तुला वाटलं असेल. ह्या पत्रात कुणाची घेतली ते मलाच समजत नाही.

तुझी,
आई


हिमायतनगर, हैदराबाद
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय अपर्णा,

तुझं पाकीट मिळालं. हातात घेतलं तेव्हाच कळलं आत कागद नाही, काहीतरी जड आहे. घराची किल्ली. दुसरं काही नाही, एक ओळसुद्धा नाही.

ठीक आहे. मी ती देवघराच्या फडताळात ठेवली आहे. ह्यांना दाखवली नाही.

आज रागावून लिहिते आहे, समजून घे. तू त्यांच्यावर रागावलीस ते मला कबूल. पण माझं काय चुकलं? मी कुठे काय बोलले कोर्टात? मला साक्षीलाच बोलावलं नाही. माझ्याकडे बघून तरी एक ओळ लिहायची.

दोन्ही बाजूंच्या वकिलांचं शेवटचं बोलणं झालं. मी गेले होते. त्या लॉरीवाल्यांच्या वकिलानं पाटीचं तर मांडलंच. पण नंतर म्हणाला, मुलगा जोरात होता. बायको स्टॅन्डवर थांबली होती, तिनं फोन करून लवकर ये म्हटलं होतं, हे तिच्याच जबाबात आहे. घाईत होता, वेग होता, उभ्या लॉरीवर जाऊन आदळला. लॉरीचं काय चुकलं?

तू तिथं नव्हतीस हे बरं झालं. पण तुला हे सगळं आधीच माहीत आहे, हो ना? तू हेच अडीच वर्षं धरून बसली होतीस. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचीस. मला ऐकू यायचं. नळाच्या आवाजात रडणं लपतं असं तुम्हा मुलींना कुणी सांगितलं?

त्या दिवशी मंदार दारात बसून बूट घालत होता. मी विचारलं, एवढ्या पहाटे कुठं? तर म्हणाला, “अपर्णा आली आई, कुडकुडतेय तिथं.” हसत म्हणाला. संक्रांतीला माहेरी गेलेली तू परत येणार म्हणून आदल्या दिवशी त्यानं स्वतः खोली झाडली होती, कधी नव्हे ती. घाबरलेला नव्हता, घाईतही नव्हता. मी जर्सी दिली ती त्यानं माझ्याशी वाद घालत घातली. हे मी पोलिसांना सांगायला तयार होते. त्यांनी विचारलं नाही. आई सांगणारच असं, म्हणाले असतील.

तू सासरी संक्रांतीनंतर परत आलीस आणि नवऱ्याला न्यायला ये म्हणालीस. ह्यात काय गुन्हा आहे? थंडी वाजत होती तर वाजते म्हणालीस. पण मी म्हटल्यानं तुझं समाधान होणार नाही. मी आई आहे त्याची, माझं म्हणणं कोण धरतं?

आणखी एक सांगायचं म्हणजे मी ह्यांच्याशी बोलत नाही. त्या रिक्षाच्या दिवसापासून. वाढते, कपडे काढून ठेवते, गोळ्या हातात देते. ते “शैला” म्हणून हाक मारतात तेव्हा जाऊन उभी राहते. बोलत नाही. नवरात्र चालू आहे, शेजारणी येतात त्यांच्यासमोर दोघंही नीट वागतो. त्या गेल्या की घर असं होतं की फ्रिजचा आवाज ऐकू येतो.

तुझ्या कुंड्यांतली मोगऱ्याची गेली. बाकीच्या आहेत.

शैला


हिमायतनगर, हैदराबाद
२३ नोव्हेंबर २०२५

अपर्णा,

निकाल लागला. तुला वकील बाईंनी कळवलं असेलच. तो ड्रायव्हर सुटला.

न्यायाधीशांनी वाचून दाखवलं त्यातलं मला समजलं तेवढं सांगते. कायद्याला मान्य अशी पाटी तिथं नव्हती, म्हणून लॉरी मनाई असलेल्या जागी उभी होती असं धरता येत नाही. लॉरीचा मागचा दिवा लागत होता की नाही ह्याचा पुरावा नाही, कारण मागची बाजू चेपली होती आणि पंचनाम्याच्या आधीच लॉरी हलवली होती. मुलगा वेगात होता हेही सिद्ध झालेलं नाही. संशयाचा फायदा आरोपीला. न्यायाधीशांचं मला काही वाईट वाटलं नाही. त्यांच्यापुढे जे ठेवलं त्यावरून ते दुसरं काय बोलणार होते? शेवटी त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे बघितलं.

बाबा माझ्या शेजारी बसले होते. उठताना त्यांना उठता येईना, मी दंड धरला. तेवढ्यासाठी धरला.

नामपल्लीच्या त्या पायऱ्या तुला आठवत असतील. आम्ही खाली उतरत होतो तर मागून कुणीतरी धावत आलं आणि बाबांच्या पायावर पडलं. तोच होता. नामदेव. इतक्या तारखांना मी त्याला लांबून बघितलं, पण जवळून पहिल्यांदाच. तुझ्या माझ्यासारखाच माणूस आहे गं. देगलूरकडचा, आपल्याच भाषेचा. हे मला माहीतच नव्हतं. कोर्टात सगळं तेलुगूत आणि इंग्रजीत चाललेलं, तो मान खाली घालून उभा असायचा.

म्हणाला, “साहेब, तुमच्या तोंडून खरं निघालं म्हणून मी सुटलो. माझी लेकरं तुमचं नाव घेतील.”

बाबांनी पाय मागे घेतले. घेता घेता पायरी चुकली, मी नसते तर पडले असते. लोक बघत होते. त्याची बायको गंगू थोडी लांब उभी होती, पदर तोंडाला लावून. तिला हे पटलेलं दिसत नव्हतं. ती त्याला हातानं बोलावत होती, चला म्हणून.

मग बाबा म्हणाले, “एक विचारू? आता तुला काही धोका नाही.”

“विचारा की, साहेब.”

“मागचा दिवा लागत होता?”

त्यानं बायकोकडे बघितलं. मग आमच्याकडे. आणि म्हणाला, “नाही, साहेब. मालकाला मी दोन बार सांगितलो होतो. बल्ब आणून देतो म्हणले. त्या दिवशीबी नव्हता.”

त्यांचा हात माझ्या हातात होता, तो इतका गार झाला की मला वाटलं आता ह्यांनाही काही होतंय. पुढचं मी विचारलं. मलाच विचारायचं होतं.

“आमच्या मुलाची गाडी कशी येत होती? जोरात?”

“नाही, आई.” आई म्हणाला मला. “हळूच आली. मी चहाच्या टपरीवर होतो, समोरच. बारीक धुकं होतं. वळणावर त्यानं अजून हळू केली. वळला आणि समोर सगळं काळं. लॉरी दिसलीच नाही त्याला. मी ओरडलो होतो. मी सगळ्यांत आधी धावलो, आई. पोरगं माझ्याकडे बघत होतं.”

“मग हे कोर्टात का नाही सांगितलंस?” मी ओरडले असणार, कारण शिपाई आमच्याकडे यायला निघाला.

त्याचा चेहरा कसा झाला तुला काय सांगू. लबाड माणसाचा चेहरा मला ओळखता येतो. तो तसा नव्हता. म्हणाला, “मला कुणी विचारलंच नाही, आई. पोलिसांनी विचारलं ती पाटी, वकिलांनी विचारलं ती पाटी. पाटी दिसली का, पाटी वाचता येते का. आमचे वकील म्हणले, जेवढं विचारतील तेवढंच बोल.” आणि मग गंगू येऊन त्याला दंडाला धरून घेऊन गेली. जाताना तिनं मला हात जोडले. मी जोडले नाहीत.

बाबा पायरीवरच बसले. मी रिक्षा थांबवली, त्यांना बसायची खूण केली. “तू हो पुढे,” म्हणाले. मी गेले. हो, मी त्यांना तिथं सोडून गेले. माझ्याच्यानं त्यांच्या शेजारी बसवलं नसतं. दिवेलागणीला ते चालत घरी आले, नामपल्लीपासून, ह्या वयात, ते गुडघे घेऊन. बूट काढले तर मोजे टाचेला चिकटलेले. मी गरम पाणी आणून ठेवलं. त्यात पाय सोडून बसले.

मग म्हणाले, “दिवा मी बघितलाच नाही, शैला. लॉरी पोलीस ठाण्यात उभी होती तेव्हा मी तिथं गेलो होतो. मागची बाजू माझ्यासमोर होती. माझ्या डोक्यात ती पाटी होती. तिथून मी तिचेच फोटो काढायला गेलो.”

मी बोलले. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा बोलले, आणि काय बोलले तर, “तुम्ही बघायला हवा होता.”

ते “हो” म्हणाले. कोर्टात म्हणाले होते तसंच, तेवढ्याच आवाजात.

वकील बाईंशी मी आज बोलले. अपील करता येतं म्हणाल्या. मंदारची बायको म्हणून तुला करता येतं. पण पायरीवर बोललेलं नामदेव उद्या नाकारेल, आणि तो नाही म्हणाला तर त्या दिव्याला दुसरा साक्षीदार नाही. लॉरी कधीच भंगारात गेली. आशा फार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाबा म्हणतात, मी जे ऐकलं ते शपथेवर सांगेन. मीही सांगेन. वाटलं तर कर, नाही तर नको करूस. मी तुला गळ घालणार नाही. पुन्हा त्या कोर्टात बसायला मी तुला कोणत्या तोंडानं सांगू?

रात्री जेवताना बाबा म्हणाले, “अपर्णाला हे कळायला हवं. लिही तिला. माझी चूक होती हेही लिही.”

मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही लिहा. त्यांनी कागद घेतला होता. सकाळी बघितलं तर कोराच होता.

त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. माझ्याच्यानंच अजून होत नाहीये, तर तुला कुठून सांगू?

हे पत्र मी तीन वेळा सुरू केलं आणि प्रत्येक वेळी निकाल, न्यायाधीश, पायऱ्या, असलंच लिहीत बसले. जे लिहायला बसले होते तिकडे हात वळेचना. ते एवढंच आहे. तो हळू येत होता, अपर्णा. त्यानं गाडी आणखी हळू केली होती. तू लवकर ये म्हणालीस म्हणून काही झालं नाही.

आई